पहिली काडी ते शेवटचं पिल्लू

पहाटे पावणेपाचला डोक्यावर कुणीतरी नखांनी पत्रा खरवडतंय असा आवाज सुरू होतो, मग एक बारीक चिर्र, मग चारपाच चिर्र एकदम, मग पंखांची फडफड, आणि एकदा सुरू झालं की ते अंधार पडेपर्यंत काही थांबत नाही. ज्यांच्या छपरात पक्ष्याने घरटं केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या छपरात नाही ते मात्र लगेच म्हणतात, किती छान गं, तुम्ही रोज किलबिल ऐकत उठता! मला या वाक्याचा खरंच राग येतो. दोन घरं सोडून ऐकू येते ती किलबिल, आणि उशीच्या चार फूट वर असतो तो कलकलाट. पक्षी तेच असतात आणि आवाजही तोच असतो, पण आपल्या भाषेत दोन शब्द आहेत ते उगाच नाहीत.

त्यामुळे आधीच सांगते, मी कलकलाट म्हणणाऱ्यांपैकी आहे. झोप मोडणं ही खरी तक्रार आहे, नाजूकपणा नाही. घरात तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल, नाइट शिफ्ट करून सकाळी सहाला झोपणारं कुणी असेल तर "निसर्गाच्या सान्निध्यात राहायला शिका" हे सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या झोपेवर आपलं पक्षीप्रेम मिरवणं झालं. पण हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे की अंडी घातल्यापासून शेवटचं पिल्लू उडेपर्यंत त्या घरट्याला हात लावायचा हक्क घरमालकाला नसावा. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर छप्पर पूर्ण तुमचं. फट बुजवा, जाळी लावा, हवं ते करा, पण मधले ते चार ते सात आठवडे नाही.

हे मत काही पुस्तक वाचून झालेलं नाही. आमच्याकडे बेडरूमच्या वर पत्रा आणि खाली फॉल्स सीलिंग, आणि भिंत जिथे पत्र्याला मिळते तिथे वळचणीला मूठभर रुंदीची एक फट. काही वर्षांपूर्वी तिथे साळुंक्यांनी घरटं केलं. आईचं तेव्हा ऑपरेशन झालेलं, तिला ती खोली दिलेली, आणि तिला पहाटेनंतर झोपच लागेना. एका माणसाला बोलावलं, त्याने शिडीवर चढून फटीत फोमचा कॅन मारला, पाच मिनिटांत काम संपलं. मी विचारलं होतं आत काही नाही ना, तो म्हणाला काही नाही ताई, रिकामं आहे. त्याने टॉर्च लावून बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आवाज आला. सीलिंगच्या आतून, आधीपेक्षा दबका, पण सारखा. बाहेर जाऊन बघितलं तर साळुंकी चोचीत नाकतोडा घेऊन त्या वाळलेल्या पिवळ्या फोमला लटकलेली, पंजे घसरत होते, ती पडायची, पुन्हा येऊन लटकायची. नाकतोडा शेवटपर्यंत चोचीतच होता. दुसरी विजेच्या तारेवर बसून नुसती ओरडत होती. मी त्या माणसाला फोन लावला, तो दुसऱ्या कामावर होता, उद्या येतो म्हणाला, उद्याचा परवा झाला. आमच्याकडे एवढी उंच शिडी नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्री आवाज अगदी बारीक झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खोली शांत होती. आई म्हणाली, "मला नको होती गं अशी झोप." आठवडाभराने वास सुटला, सीलिंगच्या कडेने माश्या यायला लागल्या, मग ते बारीक लाल किडे अंथरुणात, आणि शेवटी ते सीलिंगच कापून काढावं लागलं.

हे मी कुणाला रडवायला सांगत नाहीये. मला यातून एक साधी गोष्ट कळली की घरटं चालू असताना फट बुजवणं हे दयेच्या हिशोबात तर वाईट आहेच, पण निव्वळ घर स्वच्छ ठेवायच्या हिशोबातही ते सगळ्यात वाईट काम आहे. आवाज चार दिवस आधी बंद होतो आणि त्याच्या बदल्यात कुजलेलं काहीतरी डोक्यावर येतं. ते लाल किडे म्हणजे पक्ष्यांच्या अंगावरचे माइट्स. घरट्यात पिल्लं आहेत तोवर ते तिथेच रक्त पीत राहतात, पिल्लं मेली किंवा उडून गेली की उपाशी पडतात आणि खालच्या खोलीत उतरतात. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, पण चावतात आणि भयंकर खाज सुटते. म्हणून पिल्लं गेल्यावर घरटं तसंच ठेवणंही बरोबर नाही, दोनचार दिवसांत काढून टाकायला हवं. पक्ष्यांवर प्रेम करणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत, ती सांगायला पाहिजे.

आता दिवसांचा हिशोब बघू, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. चिमणी साधारण ११ ते १४ दिवस अंडी उबवते आणि पिल्लं त्यानंतर दोनेक आठवड्यांत बाहेर पडतात. साळुंकीचं थोडं जास्त, उबवायला दोन ते अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला तीन ते पाच आठवडे. पण गंमत अशी की (गंमत म्हणजे आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट) या सगळ्या दिवसांत आवाज सारखा नसतो. घरटं बांधताना खरवड आणि फडफड असते, उबवताना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, जोडीतलं कोण आत आहे तेही कळत नाही. पिल्लं फुटल्यावर पहिले काही दिवस आवाज इतका बारीक असतो की कान लावला तरच ऐकू येतो. खरा गोंधळ असतो तो पिल्लं मोठी होऊन भुकेने वेडी होतात तेव्हाचा, शेवटचे दोनतीन आठवडे. म्हणजे माणूस वैतागून शिडीवाल्याला फोन करतो तेव्हा पिल्लं उडायला अगदी थोडेच दिवस राहिलेले असतात. जास्तीत जास्त घरटी मोडली जातात ती बरोबर या टप्प्यावर, संपत आलेलं असताना. हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं, त्यांना वाटतं हे आता कायमचं झालं.

यंदा पुन्हा आल्या साळुंक्या, फोम काढून टाकल्यावर ती फट आम्ही नीट बंद केलीच नव्हती. पण यंदा मी कॅलेंडरवर खुणा करत गेले. पहिला बारीक आवाज ऐकला त्या दिवशी एक गोल काढला आणि त्यापासून मोजायला लागले. तुम्हाला सांगते, नुसतं मोजायला लागल्यावर त्रास अर्ध्यावर आला. आवाज कमी झाला नव्हता, पण तो कधी संपणार हे माहीत होतं. शेजारच्या बांधकामाचं ड्रिल आपण महिनाभर सोसतोच की, कारण पाटी लागलेली असते काम कधी पूर्ण होणार त्याची.

दुसरं म्हणजे हा आवाज पक्ष्याचा जेवढा असतो तेवढाच आपल्या छपराचाही असतो. पत्रा आणि सीलिंग यांच्यामधली पोकळी म्हणजे चक्क ढोल. काडी ओढली तरी खाली फर्निचर सरकवल्यासारखं वाटतं. पिल्लांचे डोळे सुरुवातीला मिटलेले असतात, त्यांना आईबाप आल्याचं कळतं ते पंजा टेकल्याच्या हादऱ्यावरून नाहीतर उजेड अडल्यावरून, की लगेच सगळी माना वर करून ओरडतात, कारण जो जोरात मागतो त्याला आधी मिळण्याची शक्यता जास्त. दिवसभरात अशा किती खेपा होतात ते मी एकदा दोन तास बसून मोजायचा प्रयत्न केला, दर पाचसात मिनिटांनी दोघांतलं कुणीतरी येतंच होतं, आणि प्रत्येक खेपेला ढोल वाजणार. आम्ही शेवटी पलंग समोरच्या भिंतीला नेला आणि त्या कोपऱ्यात सीलिंगला खालून जुन्या जाड गोधड्या दोरीने ताणून बांधल्या. दिसायला कसंतरीच, पण फरक लगेच पडला. ज्यांना दुसरी खोली आहे त्यांनी तीन आठवडे दुसऱ्या खोलीत झोपावं, ज्यांना नाही त्यांचं काय ते पुढे सांगते.

पहाटेच का, हेही सगळे विचारतात. पहाटे उजेड कमी असतो, किडे शोधायला दिसत नाही, हवा स्थिर असते आणि आवाज लांबवर जातो, म्हणून ही वेळ नरांना आपली हद्द जाहीर करायला बरी पडते. पण त्यात आपलाही हात आहे. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात शहरातले बरेच पक्षी आणखी लवकर गायला लागतात. आणि आवाजाचं म्हणाल तर २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात अभ्यास झाला होता, तिथे ट्रॅफिकच्या गोंगाटात राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात असं दिसलं, कारण खालच्या पट्टीतला आवाज गाड्यांच्या घरघरीत बुडून जातो. मग २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली वाहतूक एकदम थांबली तेव्हा डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या तिथल्या चिमण्या हळू आवाजात गायला लागल्या, आणि तरीही त्यांचं गाणं पूर्वीपेक्षा लांबपर्यंत ऐकू जात होतं. हे वाचल्यापासून मला "पक्षी फार गोंगाट करतात" हे वाक्य अर्धवट वाटतं. आधी आपण गोंगाट केला, त्यांनी त्याच्या वर आवाज चढवला, आपण शांत झालो तेव्हा तेही शांत झाले.

बरं, पण त्यांना झाडं आहेत ना, जावं की झाडावर! हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकांनी मला तावातावाने विचारला आणि तो वाईट प्रश्न नाही. उत्तर असं आहे की काही पक्षी फांदीवर घरटं विणतात आणि काहींना भोक लागतं. साळुंकी, मैना, पोपट, युरोपातला स्टार्लिंग हे सगळे भोकातले. भोक असतं म्हाताऱ्या झाडाला, वाळक्या खोडाला, सुतार पक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत. आणि आपण सगळ्यात आधी पाडतो ते म्हातारं नि वाळकं झाड, धोकादायक म्हणून. लावतो ती सगळी नवीन, सरळसोट, गुळगुळीत बुंध्याची झाडं. झाडांची संख्या कागदावर वाढते आणि ढोल्या एकही नाही. मग ढोलीसारखी दिसणारी एकच जागा उरते, आपली वळचण. चिमणीचं तर त्याहून पुढचं, ती हजारो वर्षांपासून माणसाच्या वस्तीला चिकटून राहिलेली, शेतीबरोबर जगभर पसरलेली, माणूस जिथून उठून जातो तिथून ती पण हळूहळू नाहीशी होते. तिला जंगलात जा म्हणणं म्हणजे जिथून ती आलेलीच नाही तिथे परत जा म्हणणं.

पाकोळ्यांचं (इंग्रजीत स्विफ्ट म्हणतात त्या पक्ष्यांचं) उदाहरण मला सगळ्यात जास्त टोचतं. युरोपातली पाकोळी वर्षातले दहादहा महिने हवेत राहू शकते, झोपते हवेत, खाते हवेत, हे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या लोकांनी पाठीवर छोटी यंत्रं बसवून २०१६ मध्ये दाखवून दिलं. तिला कुठेतरी टेकायची खरी गरज पडते ती फक्त घरट्यासाठी, आणि ती दरवर्षी त्याच घराच्या त्याच भोकात परत येते. दुरुस्तीत भोक बुजलं असेल तर ती भिंतीवर येऊन आपटत राहते. पूर्वी हे पक्षी कड्यांच्या कपारीत आणि जुन्या झाडांत राहायचे, आता तिकडे जवळजवळ सगळेच इमारतींवर अवलंबून आहेत, आणि नव्या इमारतींना, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून, एकही फट ठेवत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९५ पासून पाकोळ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं. एकटी घरट्याची जागा हे कारण नाही, किडे कमी झालेत हेही आहे, पण किडे परत आणणं अवघड काम आणि भोक ठेवणं सोपं काम, मग सोपं तरी करा ना.

कायदा काय म्हणतो? भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हे धरलेलं आहे. बंदूक घेऊन जंगलात जाणं म्हणजे शिकार एवढंच आपल्या डोक्यात असतं. ब्रिटनचा १९८१ चा कायदा तर वापरात असलेलं घरटंच नाही, बांधत असलेलं घरटंसुद्धा मोडू देत नाही. अमेरिकेचा पक्ष्यांच्या संरक्षणाचा १९१८ चा कायदा आहे, पण त्यात चिमणी, स्टार्लिंग आणि कबूतर येत नाहीत कारण ते तिथले मूळचे नाहीत. आणि ऑस्ट्रेलियात आपली साळुंकी उपद्रवी पाहुणी समजली जाते, तिथल्या मूळच्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते म्हणून. तिथल्या लोकांनी तिची संख्या आटोक्यात ठेवायची ठरवली तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण संख्या आटोक्यात ठेवणं वेगळं आणि पिल्लं आत असताना भोक बुजवून त्यांना तीन दिवस उपाशी मारणं वेगळं, दुसऱ्या गोष्टीला कुठल्याच देशात काही कारण असू शकत नाही.

कायदा कितीही चांगला असला तरी शिडीवर चढलेल्या माणसाला तो माहीत नसतो हा खरा मुद्दा आहे. फट बुजवणारे, रंगकाम करणारे, पत्रे बदलणारे, पेस्ट कंट्रोलवाले, एसीचा पाइप घालणारे, यांच्या हातातून जेवढी घरटी जातात तेवढी दुष्टपणाने कुणीच मोडत नसेल. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, त्यांना दिवसाला चार कामं उरकायची असतात, आणि बोलावणाऱ्याला फक्त आवाज बंद हवा असतो. त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या माणसाला मी दोष देत नाही. कामाच्या कागदावर एक ओळ असती, की बंद करण्याआधी आत बघितलं का, तर त्याने बघितलं असतं.

कबुतरांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते लपवायचं नाही. कबुतरांना सीझन नसतो, बऱ्याच ठिकाणी ती वर्षभर अंडी घालतच राहतात, पिल्लांची एक जोडी उडते तोवर बरेचदा पुढची अंडी तयार असतात, म्हणजे "पिल्लं उडेपर्यंत थांबा" याला जवळजवळ अंतच नाही. आणि त्यांच्या विष्ठेचे थरच्या थर साचतात, ती वाळून धूळ झाली की त्यातल्या बुरशीमुळे फुप्फुसाचे आजार होऊ शकतात, विष्ठा आणि पिसांचा बारीक भुगा वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर काही लोकांची फुप्फुसं कायमची खराब होतात. ज्यांच्या घरात दम्याचा पेशंट आहे त्यांनी सोसा म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. पण तिथेही सुटका फट वेळ बघून बंद करण्यातच आहे. अंडी नसतील अशी वेळ पकडून जाळी लावून टाकणं आणि मुळात खाणं टाकणं बंद करणं हाच उपाय, आणि साफ करताना कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी मारून ओलं करायचं, तोंडाला चांगला मास्क आणि हातात मोजे. हे साळुंकीच्या नि चिमणीच्या घरट्यालाही लागू आहे.

त्याचबरोबर विजेच्या वायरिंगवर, दिव्याच्या फिटिंगमध्ये किंवा गिझरच्या धुराच्या नळीत काड्या भरलेल्या दिसल्या तर थांबत बसू नका. तिथे आगीचा किंवा गॅस कोंडण्याचा धोका आहे. पण असं घरटं पहिल्या काडीलाच दिसतं, रोज नजर असली तर. पक्षी जागा बघायला येतात तेव्हा दोनतीन दिवस नुसते आतबाहेर करतात, डोकावतात, तीच आपली वेळ. एक जाळीचा तुकडा ठोकला की ते दुसरीकडे जातात, कुणाचं काही जात नाही. आपण तेव्हा दुर्लक्ष करतो आणि महिन्याने कलकलाट सुरू झाल्यावर आपल्याला घाई होते.

बाजारात अल्ट्रासॉनिक मशीन मिळतात, लावलं की पक्षी पळतात म्हणे. त्यावर पैसे घालवू नका, पक्ष्यांना अल्ट्रासॉनिक आवाज ऐकूच येत नाही, त्यांची ऐकायची वरची मर्यादा आपल्यापेक्षाही खाली असते. प्लास्टिकचं घुबड आणि लटकवलेल्या सीडी यांना ते थोड्याच दिवसांत सरावतात. घरटं पिल्लांसकट उचलून झाडावर ठेवणं हाही उपाय नाही, आईबाप जुन्या जागीच शोधत राहतात. हां, खाली पडलेलं उघडंबोडकं पिल्लू मात्र उचलून परत घरट्यात ठेवता येतं, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. आणि पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर त्याला उचलायचीच गरज नसते, ते उडायला शिकत असतं आणि आईबाप आसपासच असतात.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपण हा प्रश्न "सोसा किंवा हाकला" असा करून ठेवलाय आणि म्हणून दरवर्षी तेच भांडण. घर बांधतानाच पक्ष्याची जागा ठरवली तर भांडण उरतच नाही. भिंतीत बसवायच्या पोकळ विटा मिळतात, बाहेरून भोक आणि मागून बंद, त्यामुळे पक्षी आत येतो पण छपरात, सीलिंगवर, वायरिंगवर जाऊच शकत नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराने २०२० पासून पाच मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना पाकोळ्यांसाठी अशी जागा ठेवायची अट घातली. लोकांना वाटतं ही पक्ष्यांसाठी केलेली मेहेरबानी आहे. मला ती माणसाच्या झोपेचीही सोय वाटते, कारण जागा आपण निवडली की ती बेडरूमच्या डोक्यावर नसेल अशी निवडता येते, जिन्याच्या बाजूला, गच्चीच्या कठड्याला, मागच्या भिंतीला. फट मात्र पक्षी निवडतो, आणि त्याला कुठली खोली कुणाची ते माहीत नसतं. प्रत्येक नव्या इमारतीच्या नियमात हे यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या घरांना पेटी लावता येते. आम्ही यंदा लावली, भोक साळुंकीला पुरेल एवढं, जिन्याच्या बाजूला.

राहिला प्रश्न ज्यांना दुसरी खोली नाही, पलंग सरकवायला जागा नाही आणि नाइट शिफ्ट चुकत नाही त्यांचा. माझा भाऊ तसाच आहे, भाड्याच्या एका खोलीत. पक्षी वाचवल्याचं समाधान सगळ्या गल्लीला आणि जागरण एकट्या त्याला, हे न्यायाचं नाही. अशा माणसाला कुणी सहनशक्तीचे धडे देऊ नयेत, मदत करावी. घरमालकाने तीन आठवडे वेगळी खोली द्यावी, सीलिंगला जाड काहीतरी लावून द्यावं, कुणीतरी आपल्याकडे दिवसा झोपायला बोलवावं. गल्लीला पक्षी हवे असतील तर जागरणही गल्लीने वाटून घ्यायला हवं.

यंदाची पिल्लं गोलापासून चोविसाव्या दिवशी उडाली. तीन होती. दोन दिवस थांबून, टॉर्च लावून, फट रिकामी आहे हे मी स्वतः बघितलं (शिडी आता घेऊन ठेवली आहे), मग घरटं भिजवून काढलं. काड्या, सुतळी, चॉकलेटचा चांदीचा कागद, इअरफोनची तुटलेली वायर आणि सापाची हातभर कात निघाली. बादली भरली त्या सामानाने. आई खाली उभी राहून एकेक वस्तू बघत होती, कात तिने बराच वेळ हातात धरली. मग फटीला बारीक जाळी ठोकली.

आणि मग आमच्या ओळीतल्या घरांची दुरुस्तीची कामं ज्या एका कॉन्ट्रॅक्टमधून होतात त्यात एक ओळ घालायची मागणी मी लेखी दिली. छपराची किंवा भिंतीची कुठलीही फट बंद करण्याआधी टॉर्चने आत बघावं, अंडी किंवा पिल्लं दिसली तर काम पुढच्या तारखेला करावं. शेजारच्या काकांनी विचारलं, माणूस दुसऱ्यांदा येणार त्या फेरीचे पैसे कोण भरणार? प्रश्न बरोबर आहे. मी सुचवलं, अर्धे ज्याचं छप्पर त्याने आणि अर्धे बाकीच्यांनी मिळून, कारण दोन घरं सोडून किलबिल ऐकू येते ती त्यांनाच. काका म्हणाले, बघू, मीटिंगमध्ये मांड.